नऊ मिलिमीटरचे आठ बोल्ट: कोल्हापूर ते नागपूर

फेब्रुवारीच्या अखेरीस मी आठ बोल्ट आणायला कोल्हापूरहून नागपूरला गेले. या ब्लॉगवर आजवर किल्ले येऊन गेले, मंदिरं आली, एकदा भूतानही आलं. बोल्टसाठी केलेला प्रवास हा पहिलाच, म्हणून आधी कारण सांगते.

माझा नवरा दिलीप गेली अकरा वर्षं शिरोलीच्या आमच्या शेडमध्ये दोन माणसांचं विमान बांधतो आहे. एका कारखान्याच्या टूलरूममध्ये नोकरी करून तो निवृत्त झाला, पण विमान निवृत्तीच्या आधीपासूनचं आहे. सांगाडा उभा आहे, पंख छताला टांगलेले आहेत. इंजिन जुन्या जर्मन बनावटीचं, हवेनं थंड होणारं, मुळात मोटारीचं. जगात अनेक हौशी लोकांनी ते छोट्या विमानांना बसवलं आहे. त्यात पिस्टनचे दांडे खालच्या फिरत्या दांड्याला धरून ठेवणारे आठ बोल्ट असतात. जाडी नऊ मिलिमीटर, आटे बारीक, एकेक मिलिमीटरवर. आपल्याकडे आठचा बोल्ट कुठेही मिळतो, दहाचा पोत्यानं मिळतो. नऊचा मागितला की दुकानदार आधी तुमच्याकडे बघतो आणि मग मागे बसलेल्या वडिलांकडे.

डिसेंबरमध्ये दिलीपनं असे आठ बोल्ट टपालानं मागवले. ते आवळत असताना मी चहा घेऊन शेडमध्ये गेले होते. तिसरा बोल्ट आवळताना टक् असा आवाज झाला. डोकं पान्यात राहिलं, बाकीचा तुकडा दांड्यात. दिलीपनं पाना खाली ठेवला, चहा प्यायला आणि दोन दिवस शेडमध्ये गेला नाही. मी मात्र तो आवाज बरेच दिवस ऐकत होते. हे जमिनीवर झालं. वर झालं असतं तर मला आवाजही आला नसता.

पुढे त्याच्या इंटरनेटवरच्या मंडळींपैकी कुणीतरी लिहिलं की हेच इंजिन एके काळी आग विझवण्याच्या पंपांवर बसवत, आणि नागपूरच्या आसपास अशा पंपांची कामं करणारे जुने लोक आहेत. दिलीपच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. त्यानं मला विचारलं, तू जाशील का. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तीस वर्षं तंत्रज्ञ म्हणून काम केलं आहे, बोल्टमधलं मला काही कळत नाही. तरी मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच की त्यालाही आश्चर्य वाटलं असावं.

त्याचं कारण असं, की मी मनाशी ठरवलं होतं: नागपुरात दोन दिवस फिरायचं, मावसबहिणीकडे राहायचं आणि परत येऊन सांगायचं की बोल्ट मिळाले नाहीत. हे इथे उघड लिहू शकते, कारण दिलीपला ते सांगून झालं आहे.

कोल्हापूरहून गोंदियाकडे जाणारी गाडी दुपारी निघते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नागपूरला पोचवते. वेळ हाताशी असेल तर हीच घ्या, कुठे उतरून बदलायला लागत नाही. मी स्लीपरनं गेले. ऊन अजून बेताचं होतं, पण मनमाडनंतर दुपारच्या खिडकीत हात ठेवता येत नव्हता. एप्रिलमध्ये जाणार असाल तर वातानुकूलित डबाच बघा. डब्यात समोर अकोल्याचं एक जोडपं होतं. त्यांनी विचारलं, नागपूरला काय काम. मी म्हटलं, बहिणीकडे. पर्समध्ये तो तुटलेला बोल्ट होता, दोन्ही तुकडे. दिलीपनं तो रुमालात बांधून दिला होता, नमुना म्हणून.

ही मावसबहीण, सुनंदाताई, मनीषनगरला राहते. ती मूळची गडहिंग्लजची, पण तीस वर्षांत भाषा पुरती बदलली आहे. दार उघडल्या उघडल्या म्हणाली, मी केव्हाची तुझी वाट पाहून राहिली. विमानतळ जवळ असल्यानं तिच्या गच्चीवरून उतरणारी विमानं इतकी खालून जातात की पोटाखालची चाकं दिसतात. सकाळी तिथे चहा घेताना मी तिला सगळं सांगितलं, माझ्या बेतासकट. तिनं कप कठड्यावर ठेवला. मग म्हणाली, "खोटंच सांगायचं होतं तर घरी बसून सांगायचं ना वं. इतक्या दूर काहून आलीस?"

निदान दोन-चार दुकानं पाहून आले असं खरं म्हणता यावं म्हणून मी लोहा ओळीत गेले.

तिथे जायला मेट्रो सोयीची आहे. बर्डीला गाडी बदलायची आणि चितार ओळीला उतरायचं, पुढे पायी. आधी कोपऱ्यावर पोहे खाऊन घ्या. तर्री, म्हणजे वरचा तिखट रस्सा, वेगळी मागा, नाहीतर ते विचारल्याशिवाय ओततात आणि मग कोल्हापूरच्या माणसालाही पाणी लागतं. लोहा ओळ म्हणजे इतवारीतला लोखंडाचा बाजार. साखळ्या, पत्रे, तारांची भेंडोळी, आणि मधून जाणारे हातगाडे. पाच दुकानांत मी रुमाल सोडून बोल्ट दाखवला. पाचही ठिकाणी नाही म्हणाले. एकानं दहाचा बोल्ट आणि मोठं भोक असा उपाय सुचवला. प्रत्येक नकारानंतर मला हलकं वाटत होतं. पाचव्या दुकानातून बाहेर पडताना मी संध्याकाळी कुठे जेवायचं याचा विचार करत होते.

सहाव्या दुकानात जाण्याचं खरं तर कारण नव्हतं. पण दुकानदारानंच बाहेर येऊन विचारलं, क्या चाहिए. बोल्ट पाहिला, आत गेला आणि प्लास्टिकच्या पिशवीतून नवे कोरे, चकचकीत बोल्ट घेऊन आला. बरोबर आठ. जाडी नऊ, आटे बारीक, डोक्यावर ताकदीचा आकडाही कोरलेला. नेमका तेव्हाच दिलीपचा फोन आला. मी काही बोलायच्या आत दुकानदारानं मोठ्यानं सांगितलं, मिल गया मॅडम, पूरा सेट मिल गया. दिलीपनं ते ऐकलं. त्याच्या आवाजात जे आलं ते मी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. म्हणाला, घेऊन टाक.

मी घेतले. आणि दुकानाच्या पायरीवर उभी राहून माझ्या लक्षात आलं की माझा बेत संपला आहे, आणि वर भलतंच काही होऊन बसलं आहे. डिसेंबरमधले बोल्टही असेच चकचकीत होते. रिकाम्या हातानं जाणं मला चाललं असतं. हे घेऊन जाणं चालणार नव्हतं.

मी परत आत गेले आणि दुकानदाराला विचारलं, हे चांगले आहेत की नाहीत ते कोण सांगू शकेल. त्याला राग आला नाही. ट्रॅक्टरसाठी हवे असतील तर बिनधास्त लावा, म्हणाला. कशासाठी हवेत ते मी सांगितलं, तेव्हा त्यानं पिशवीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "फिर आप खापरखेडा जाइए. मेश्राम मिस्त्री को दिखाइए." पत्ता त्यानं बिलाच्या मागे लिहून दिला.

खापरखेड्याची बस बर्डीहून मिळते. कोराडी मागे पडलं की वीज केंद्राच्या चिमण्या दिसू लागतात आणि बराच वेळ दिसतच राहतात, रस्ता वळला तरी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. पाण्याची बाटली आणि टोपी जवळ ठेवा, थांब्यापासून वस्तीपर्यंत चालावं लागतं आणि सावली नाही.

मेश्राम मिस्त्री सत्तरीचे, उंच, पांढऱ्या सदऱ्यातले. एका ठेकेदाराकडे त्यांनी तीस वर्षं आगीच्या पंपांची देखभाल केली होती. हे पंप महिनोन्महिने नुसते उभे असतात, पण ज्या दिवशी लागतात त्या दिवशी पहिल्या झटक्यात सुरू व्हावे लागतात. घराला लागून पत्र्याची खोली होती. आत एक बाक, भिंतीवर ओळीनं पाने, आणि खिडकीत बाबासाहेबांची तसबीर. त्यांच्या पत्नी कमलाबाई यांनी पाणी दिलं.

मी आठ नवे बोल्ट बाकावर ठेवले आणि कशासाठी हवेत ते सांगितलं. मेश्रामांनी एक उचलला, आट्यांवरून नख फिरवलं, मग कानस घेऊन डोक्याच्या कडेवर एकदाच ओढली. कानस सहज चावली, कडक बोल्टावर ती अशी चावत नाही. लोखंडाचा बारीक भुगा बाकावर पडला. मग त्यांनी माझा तुटका बोल्ट घेतला आणि तसंच केलं. त्यातूनही भुगा पडला.

"हे दहाच्या बोल्टावरून उतरवले हायेत," ते म्हणाले. "आटे कापलेले हायेत. खऱ्याचे दाबून काढते. आन आकड्याचं म्हणाल तं, आकडा ठोकाले पंच पुरते, कडक कराले भट्टी लागते."

मी विचारलं, पंपात चालले असते का. त्यांनी जरा विचार केला. "पंप बंद पडला तं माणूस खालीच राह्यते, ताई. तुमचा माणूस वर राहीन."

मग त्यांनी विमानाविषयी विचारलं. किती वजनाचं, पंखा कशाचा, कोण बसणार. मी म्हटलं, माझे मिस्टर. आणि तुम्ही, त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. का, ते त्यांनी विचारलं नाही. बाकाखालून त्यांनी एक पत्र्याचा डबा काढला. आत तेलात बुडवलेले बोल्ट होते, काळपट, अजिबात न चमकणारे. ते दहा होते. त्यांतला एक मेणकागदात गुंडाळलेला, कधीच न वापरलेला. बाकीचे नऊ जुन्या पंपांतून काढलेले.

जो बोल्ट एकदा जास्त ताणला गेला तो कायमचा लांब होतो, हे मला तिथे कळलं. डोळ्याला दिसत नाही, मायक्रोमीटरला दिसतं. मेणकागदातल्या कोऱ्या बोल्टाची लांबी त्यांनी आधी मोजली आणि एकेक वापरलेला बोल्ट त्याच्याशी ताडून पाहिला. दोन बाजूला टाकले. कोरा धरून आठ उरले. ते म्हणाले, घ्या, झालं तुमचं काम.

त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं आणि उजव्याचं व्हायचं होतं. मायक्रोमीटर ते डोळ्याच्या फार जवळ धरत होते. मी विचारलं, मी एकदा मोजू का. कसं धरायचं, किती घट्ट फिरवायचं हे त्यांनी दाखवलं. तीस वर्षं काचेतून बारीक रेघा वाचल्यावर हे अवघड नव्हतं. सहा बोल्ट बरोबर निघाले. सातवा पाच रेघांनी लांब होता. पुन्हा मोजला, पुन्हा पाच. मी तो त्यांच्यापुढे ठेवला. सांगायला जड गेलं नाही, कारण या वेळी खरं बोलूनही माझंच साधत होतं: आठचे सात झाले असते, आणि सात बोल्टांवर इंजिन जुळत नाही. मेश्रामांनी भिंग काढलं, बराच वेळ पाहिलं आणि तोही बोल्ट बाजूला टाकला. "बरं झालं तुम्ही पाह्यलं," एवढंच म्हणाले.

थोड्या वेळानं ते म्हणाले की मौद्याला भोयर म्हणून त्यांच्या ओळखीचे पंपवाले आहेत. त्यांच्याकडे असंच एक इंजिन उघडून पडलेलं आहे. त्यातून एखादा चांगला बोल्ट निघू शकेल. फोन लावू का? मी म्हटलं, जरा थांबा. त्यांनी फोन खिशात ठेवला आणि डबा आवरायला घेतला.

मी स्वयंपाकघरात गेले. कमलाबाई भाकरी थापत होत्या, चुलीवर अंबाडीची भाजी होती. जेवल्याशिवाय जाऊ देणार नव्हत्या. सगळं बोलणं त्यांनी आतून ऐकलं होतं. त्यांनी विचारलं, साहेब दिवसभर त्या विमानापाशीच असतात का. मी हो म्हटलं. सकाळी आठला जातो, जेवायला येतो, परत जातो.

"आन ते विमान नसन तं काय करतीन?" त्या म्हणाल्या.

अकरा वर्षांत मी हा प्रश्न मनात आणला नव्हता. माझा सगळा विचार विमान वर गेल्यानंतरचा होता.

"आमचे हे रोज सकाळी पाने पुसतेत," कमलाबाई भाकरी उलटत म्हणाल्या. "चार वर्षं झाले. वापराले काही नाई."

जेवण उत्तम होतं. भाकरीवर तेल आणि वाळल्या मिरचीचा ठेचा होता. मला डिसेंबरमधले ते दोन दिवस आठवत होते, दिलीप शेडमध्ये गेला नव्हता ते. तो टीव्हीसमोर बसून होता, आणि टीव्ही बंद होता. दुसरीकडे तो आवाजही होताच. यांतलं कुठलं जास्त जड ते मला ताट उचलेपर्यंत ठरवता आलं नाही. हात धुऊन बाहेर आले आणि मेश्रामांना म्हटलं, लावा फोन.

मौदा भंडाऱ्याच्या रस्त्यावर आहे. तिसऱ्या दिवशी सुनंदाताईनं स्वतःची गाडी काढली. आम्ही आधी खापरखेड्याला जाऊन मेश्रामांना घेतलं, म्हणजे उलटा वळसा पडला. तुम्ही थेट जा, रस्ता चांगला आहे, तास-सव्वा तासाचा. गाडीत मेश्राम पुढे बसले आणि सुनंदाताईला गिअर कधी बदलावा हे सांगत राहिले. तिनं दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा म्हणाली, "काका, पंधरा वर्षं झाले मी गाडी चालवून राहिली." त्यानंतर ते खिडकीबाहेर पाहत बसले.

भोयरांचं दुकान गावात शिरताच आहे. इंजिन अंगणात होतं, त्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर मांजर. भोयरांनी मांजर हाकललं आणि दांड्याचे बोल्ट सोडवायला बसले. जुने बोल्ट सुटताना करकरतात. मेश्राम शेजारी उकिडवे बसून, हळू, झटका देऊ नको गा, असं सांगत होते. पहिला बोल्ट निघाला. मायक्रोमीटर मेश्रामांनी माझ्या हातात दिला, स्वतः मोजायला घेतलंच नाही. पहिला लांब भरला. दुसरा गंजलेला. तिसरा बरोबर होता. मी तो पाच वेळा मोजला. पाचही वेळा एकच आकडा आला. चौथाही बरोबर निघाला, तो जादा म्हणून घेतला. भोयरांनी आणि मेश्रामांनी आपापली किंमत सांगितली, दोघांचीही वाजवी होती. मेश्रामांनी नऊ बोल्ट तेलाच्या फडक्यात गुंडाळले. दिलीपनं ते कोणत्या क्रमानं आणि किती टप्प्यांत आवळावेत हे मला तीनदा म्हणायला लावलं. इंजिन सुरू झालं की फोनवर आवाज ऐकवा, असंही म्हणाले.

परतीच्या गाडीत मला झोप लागली. एवढीच नोंद.

घरी पोचले तेव्हा दिलीप काठी घेऊन फाटकाशी उभा होता. लोहा ओळीतला सेट खोटा निघाला आणि दुसरे मिळाले हे मी फोनवर सांगितलं होतं, जास्त काही नाही. शेडमध्ये बाकावर मी फडकं सोडलं. त्यानं एकेक बोल्ट उजेडात धरून पाहिला. मग मी त्याला सगळं सांगितलं, आधीचा बेतही. तो ऐकत राहिला. बोल्ट परत ओळीनं मांडले आणि म्हणाला, "मला वाटलंच होतं तू रिकाम्या हातानं येशील."

"वाईट वाटलं असतं?"

"वाटलं असतं. मग बरंही वाटलं असतं बहुतेक." शेवटचा बोल्ट सरळ करत म्हणाला, "मला स्वतःला थांबता येत नव्हतं, शुभा."

अकरा वर्षांत त्याच्या बोलण्यात भीती मी पहिल्यांदा ऐकली. मी विचारलं, मग आता काय करायचं. तो म्हणाला, आता मिळालेत तर लावू. आणि लगेच पाना घेतला नाही, माझ्यासाठी खुर्ची ओढली.

इंजिन एप्रिलमध्ये सुरू झालं, शेडच्या दारात, लोखंडी घोडीवर घट्ट बांधून. आवाज मेश्रामांना फोनवर ऐकवला. ते म्हणाले, एक सिलिंडर मागे पडून राहिला. खरंच पडत होता. दिलीपनं दुसऱ्या दिवशी तो दुरुस्त केला.

या प्रवासातून काय उरलं असं विचाराल तर, मायक्रोमीटर. मी नागपूरहून येताच माझा स्वतःचा एक विकत घेतला. आता शेडमधला प्रत्येक जोडाचा बोल्ट आधी मी मोजते आणि वहीत लिहिते. आतापर्यंत अकरा नाकारले आहेत. दिलीप वाद घालत नाही. विमानात बसण्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. परवानगीचे कागद सुरू आहेत, त्याला वेळ लागतो. कागद आल्यानंतर विमान बाहेर कधी काढायचं ती तारीख दिलीपनं माझ्यावर सोपवली आहे. मी ती अजून दिलेली नाही, आणि त्यानं पुन्हा विचारलेलं नाही. रोज सकाळी आठला आम्ही दोघं शेडमध्ये जातो.